वारसाचा रकाना

आमच्या बुलढाण्यात दसऱ्याच्या दिवशी मोटारसायकलींना अभ्यंगस्नान असते. कोणत्याही गल्लीत जा, दारोदार बादल्या, चिंध्या आणि साबणाचा फेस. दुपार कलली की हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पोळ्याला बैलाचे जे कौतुक, तेच दसऱ्याला या लोखंडी बैलाचे. जिल्ह्याच्या घाटावर आणि घाटाखाली, चिखलीपासून जळगाव जामोदपर्यंत, आज दूध, कापूस, शाळेतली पोरे आणि नवी नवरी या सर्वांचा भार हाच बैल वाहतो. तेव्हा त्याची पूजा व्हावी यात गैर काही नाही. पण या साऱ्या सोहळ्यात एका वस्तूकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ती म्हणजे सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला विम्याचा कागद.

त्या कागदावर एक रकाना असतो, ‘नॉमिनी’. आपण मराठीत त्याला सर्रास ‘वारस’ म्हणतो. तसे म्हणणे चूक कसे, ते पुढे येईलच. पण हा बोटभर रकाना भरायला माणसाला किती काळ लागला, त्यासाठी किती कायदे झाले आणि किती विधवांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, याची हकीकत मला गेल्या दोन वर्षांत, नाइलाजाने का होईना, वाचावी लागली. ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कसा, असे कोणी म्हणेल. परंतु घरातली सगळी माणसे एकत्र असतात ती याच चार दिवसांत, आणि ही गोष्ट सगळ्यांनी मिळून वाचण्याची आहे.

नाइलाज कसा झाला, ते आधी सांगतो. माझे थोरले बंधू मोताळ्याला नोकरीस होते. २०१९ साली त्यांनी नवी मोटारसायकल घेतली. गाडी आणायला आम्ही सारे गेलो होतो, आईदेखील. विक्रेत्याकडचा मुलगा भराभर अर्ज भरीत होता. ‘नॉमिनी कोण लावू?’ असे त्याने विचारले, आणि दादांनी शेजारी उभ्या असलेल्या आईकडे पाहून तिचेच नाव सांगितले. त्यात विचार काही नव्हता. मुलाची नवी गाडी आणि आईचा आशीर्वाद, एवढाच त्याचा अर्थ. २०२१ साली आई गेली. आम्ही तेराव्याला गावजेवण घातले, गावाकडच्या जमिनीला वारसाची नोंद केली, रेशनकार्डावरून नाव कमी केले. गाडीच्या कागदावरून तिचे नाव काढावे हे मात्र कोणाच्या मनातही आले नाही. २०२३ च्या पावसाळ्यात, एका संध्याकाळी, राजूर घाटाच्या वळणावर दादांची गाडी घसरली. समोरून कोणी आले नव्हते, कोणाचा धक्का लागला नव्हता. ओला रस्ता, अंधार आणि एकटे दादा.

मागे वहिनी, अकरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. गाडीच्या विम्यात मालकासाठी पंधरा लाख रुपयांचे अपघात संरक्षण होते. आणि ते पंधरा लाख ज्या बाईच्या नावाने यायचे, ती दोन वर्षांपूर्वीच आमच्या आधी निघून गेली होती.

आता जरा मागे जाऊ. ‘माझ्यामागे कोणाला?’ हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. आमच्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा ही जाधवरावांची गावे. वतनाचा वारस कोण, या एका प्रश्नावर महाराष्ट्रात किती भाऊबंद्या पेटल्या, हे इतिहासाच्या वाचकाला सांगायला नको. जमिनीचा वारस ठरविण्याची रीत तेव्हापासून आजपर्यंत टिकली. आजही तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सहा-क ही वारसांचीच वही आहे. परंतु जमीन जागेवर राहते. तिचा वारस आज नाही तर उद्या ठरला तरी ती कोठे पळून जात नाही. रोख पैशाचे तसे नाही. माणूस गेल्यावर पहिल्याच महिन्यात घरात पीठ लागते, मुलांची फी लागते. म्हणून विमा नावाची नवी वस्तू आली, तेव्हा वारसाचा जुना प्रश्न नव्या तऱ्हेने आणि फार घाईने उभा राहिला.

हिंदुस्थानात आयुर्विम्याचा आरंभ १८१८ साली कलकत्त्याच्या ओरिएंटल कंपनीपासून मानतात. तो मुख्यतः इथे राहणाऱ्या युरोपियनांच्या विधवांची सोय म्हणून. नेटिव माणसाचा विमा कंपन्या घेत नसत, आणि घेतला तर हप्ता जास्त लावीत. त्याच्या आयुष्याचा भरवसा नाही, असा हिशेब. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने देशी माणसाचा विमा इतरांच्याच दराने उतरविण्यास सुरुवात केली. पुढे १९१३ साली साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली आणि मराठी मध्यमवर्गाच्या कपाटात विम्याचे कागद शिरले.

कागद शिरले खरे, पण पैसा कोणाचा? इथे खरी मेख होती. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमात मोठी सुंदर तरतूद होती. नवऱ्याने बायकोच्या किंवा मुलांच्या हितासाठी म्हणून विमा उतरविला, तर तो पैसा त्यांच्यासाठी ठेवलेला विश्वस्त निधी समजावा, आणि नवऱ्याच्या सावकारांनी त्याला हात लावू नये. पण त्याच कायद्याच्या आरंभी एक ओळ होती. जी स्त्री लग्नसमयी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख किंवा जैन असेल, तिला हा कायदा लागू नाही! म्हणजे दिवा लावला आणि त्याच हाताने बहुतेक सगळ्या घरांची दारे बंद केली. आता विमा उतरविणारा नवरा हिंदू असेल तर काय, यावर कोर्टात वाद झाले. मद्रासच्या उच्च न्यायालयाने १९१३ साली हिंदूंच्या बाजूने कौल दिला. शेवटी १९२३ साली कायदाच दुरुस्त झाला, आणि हिंदू, मुसलमान, शीख व जैन पुरुषांनी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर बायकामुलांसाठी उतरविलेल्या विम्याला ते संरक्षण मिळाले. मद्रास प्रांताला मात्र त्या जुन्या निकालामुळे सव्वानऊ वर्षे आधीची तारीख मिळाली. पन्नास वर्षांनी का होईना, बंद दार उघडले.

आमच्या वऱ्हाडाची गंमत तर याहून निराळी. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप चालत नसत. ते स्वतंत्र अधिसूचना काढून लागू करावे लागत. म्हणजे मलकापूरच्या स्टेशनावर आगगाडी मुंबईहून सरळ येई, परंतु मुंबईत चालणारा कायदा येताना मध्ये एक कागद बदलून यावा लागे!

आजच्या तरुण वाचकांना हे सगळे बारकावे वाटतील. म्हणून त्या काळच्या विधवेची स्थिती ध्यानात घ्यावी. एकत्र कुटुंबात नवरा वारला, की त्याचा हिस्सा भाऊबंदांत विरून जाई, आणि तिच्या वाट्याला येई ती पोटगी आणि माजघरातला कोपरा. मुंबईचे प्रसिद्ध शल्यवैद्य डॉ. गोपाळराव देशमुख यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणले आणि १९३७ साली ते मंजूर झाले. त्या कायद्याला लोक ‘देशमुख कायदा’ म्हणू लागले. त्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात हक्क दिला, पण तोही तिच्या हयातीपुरता. पुरा हक्क मिळायला १९५६ चा हिंदू वारसा कायदा यावा लागला. म्हणजे विम्याच्या कागदावर बायकोचे नाव लिहिणे ही त्या काळी नुसती सोय नव्हती, तर भाऊबंदकीच्या पुरात बांधलेला एक लहानसा बांध होता.

हे नाव लिहिण्याची सर्वांना सोपी रीत सापडली ती १९३८ च्या विमा कायद्यात. त्याचे एकोणचाळिसावे कलम म्हणते, की आयुर्विमा उतरविणाऱ्याने आपल्या मृत्यूनंतर पैसा कोणाच्या हाती द्यावा त्याचे नाव नोंदवावे, आणि मुदत पुरी होण्याआधी केव्हाही ते बदलावे. फक्त बदल कंपनीला कळविला पाहिजे. आपला रकाना जन्माला आला तो इथे. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. तेव्हा दोनशे पंचेचाळीस संस्थांचा धंदा एकत्र आला. सगळे बदलले, पण तो रकाना जसाच्या तसा राहिला.

मग मोटारसायकलीचे काय? तिची कथा निराळ्या वाटेने येते. १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि त्यातील सक्तीच्या विम्याचा भाग १ जुलै १९४६ पासून अंमलात आला. पण तो विमा कोणासाठी? रस्त्यावरच्या दुसऱ्यासाठी. तुमच्या गाडीने कोणाला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळावी म्हणून. न्यायाचेच होते ते. परंतु गाडी हाकणारा मालक स्वतःच पडला तर? त्याचा विचार त्या सक्तीत नव्हता. पुढे राजदूत आली, बुलेट आली, लुना आली, ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या, आणि सायकलवरचा वऱ्हाडी माणूस मोटारसायकलवर बसला. चार चाकांच्या मालकाभोवती निदान पत्र्याची पेटी असते. दोन चाकांच्या मालकाभोवती वारा असतो. आणि विम्यात त्याच्यापुरती जागा कोरी होती.

ती जागा सक्तीने भरली गेली २००२ च्या दरपत्रकाने. मालक स्वतः गाडी चालवीत असता अपघातात गेला तर दुचाकीसाठी एक लाख रुपये, आणि त्याचा हप्ता वर्षाला पन्नास रुपये. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली ही रक्कम फारच तोकडी असल्याचे म्हटले, आणि विमा नियामकाने सप्टेंबर २०१८ मध्ये ती पंधरा लाखांवर नेली. हप्ता सुरुवातीला वर्षाला साडेसातशे रुपये ठरला. त्याच सुमारास, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, नव्या दुचाकीचा दुसऱ्यासाठीचा विमा एकदम पाच वर्षांचा घेणे सक्तीचे झाले. हेतू चांगला होता. लोक दरवर्षी विमा नवा करायला विसरत, आता विसरायची भानगडच नको. पण प्रत्येक चांगल्या गोष्टीची एक सावली असते. पूर्वी वर्षाला एकदा तरी कागद हातात येई. आता पाच वर्षे तो पिशवीतून बाहेर येत नाही. पाच वर्षांत घरात लग्ने होतात, बारशी होतात, तेरावी होतात, आणि रकान्यातले नाव मात्र शोरूमच्या दारात ज्या दिवशी लिहिले, त्याच दिवशी थांबलेले असते.

आमचे नेमके तसेच झाले. दादांच्या आयुर्विम्यावर वहिनींचे नाव होते. तो पैसा फारशी यातायात न होता मिळाला. गाडीच्या विम्याबाबत कंपनीचे म्हणणे सरळ होते. नाव दिलेली व्यक्ती हयात नाही, तेव्हा पैसा कायदेशीर वारसांना मिळेल. वारस कोण, ते कोर्टाकडून आणा. त्यांचे चूक होते असे मी म्हणत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे दिवाणी न्यायालयात वारसा प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा लागला. जाहीर नोटीस निघाली, हरकतींची मुदत गेली, तारखा पडल्या. वहिनींनी कोर्टाची पायरी जन्मात चढली नव्हती. एके दुपारी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसल्या असता त्या मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मी त्यांची बायको आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मग यांना कसं ठाऊक नाही?’’ मला उत्तर सुचले नाही. लग्नाचे फोटो, आधारकार्ड, मुलांचे दाखले असलेली पिशवी त्यांच्या मांडीवर होती. अठरा वर्षांचा संसार त्या पिशवीत मावला होता. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत वर्ष उलटले. मुलांचे हिस्से ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायचे ठरले. त्या वर्षात घर कसे चालले ते माझे मला ठाऊक. पण ते सांगण्याचे हे ठिकाण नव्हे.

या काळात वकिलांकडून मला जी गोष्ट समजली, ती प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे! सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात डिसेंबर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्या खटल्यात एका गृहस्थाने विम्यावर पत्नीचे नाव दिले होते, आणि मृत्युपत्र न करता तो वारला. सारा पैसा माझाच, असे पत्नी म्हणाली. मुलाच्या पैशात माझाही वाटा आहे, असे त्याची आई म्हणाली. न्यायालयाने सांगितले, की नाव दिलेली व्यक्ती म्हणजे पैसा घेणारा हात. घेतलेला पैसा वारसा कायद्याप्रमाणे ज्याचा त्याला द्यावा लागतो. २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती होऊन आयुर्विम्यापुरता यात बदल झाला. आईवडील, पती वा पत्नी किंवा मुले यांचे नाव दिले असेल तर तो पैसा आता त्यांचाच. इतर ठिकाणी मात्र जुने तत्त्व कायम आहे. शेअर्सच्या एका खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा अधोरेखित केले.

मग कोणी म्हणेल, नॉमिनी जर नुसता हात, तर त्याचे एवढे महत्त्व काय? महत्त्व हेच, की हात असला तर पैसा घरात येतो आणि मग घरातली माणसे घरात वाटून घेतात. हात नसला तर पैसा बाहेर राहतो आणि घरातली माणसे कोर्टात उभी राहतात. आई असती तर तिने तो धनादेश वहिनींच्या ओटीतच टाकला असता, याविषयी मला शंका नाही. पण ती नव्हती, आणि तिच्या जागी दुसरा हात आम्ही ठेवला नव्हता.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या. हे पंधरा लाख मिळतात ते गाडी ज्याच्या नावावर आहे त्या मालकाला, आणि तेही त्याच्याजवळ चालू लायसन्स असेल तर. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावाची आणि फिरवतो मुलगा, हा घरोघरचा प्रकार. मित्राची गाडी मागून नेणे तर सर्रास. मागून आणलेल्या मोटारसायकलवर असताना मृत्यू आलेल्या एका माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले, की असा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो. त्याला परक्याप्रमाणे भरपाई मागता येत नाही. मालकासाठीचा विमा त्याचा नाही आणि परक्यासाठीचाही नाही, अशा दोन भिंतींमधल्या बोळात तो अडकतो. तेव्हा गाडी जो चालवतो त्याच्या नावावर ती असावी, हे शहाणपणाचे. दुसरे असे, की गाडीच्या नोंदणी पुस्तकातही मालकाला नॉमिनी नोंदविता येतो. ही सोय २०२१ पासून झाली आहे. म्हणजे मालकामागे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याची यातायात कमी होते.

वहिनींचे काम संपले त्या रात्री मी माझ्या स्वतःच्या गाडीची पिशवी काढली. कागद उलगडला. वारसाच्या रकान्यात आईचे नाव होते.

दुसऱ्या दिवशी मी विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. पॉलिसीचा नंबर, नव्या नॉमिनीचे नाव, जन्मतारीख आणि नाते एवढे लिहून साधा अर्ज दिला, सोबत ओळखपत्राची प्रत. नाव लहान मुलाचे द्यायचे असते तर त्याच्या वतीने पैसा घेणाऱ्या मोठ्या माणसाचेही नाव द्यावे लागले असते. मी पत्नीचे दिले, तेव्हा तो प्रश्न आला नाही. काही दिवसांनी बदलाची नोंद केलेला कागद, त्याला ते एंडॉर्समेंट म्हणतात, घरी आला. वाणसामान आणायला जितका वेळ जातो, तितकाही त्या कामाला लागला नव्हता. तेवढा वेळ दादांना आणि मला दोन वर्षांत मिळाला नव्हता.

खरे सांगायचे तर आईचे नाव खोडताना हात थबकला. रेशनकार्डावरून ते गेले, सातबारावरून गेले. कुठल्या तरी कागदावर ती अजून आमची वाट पाहत होती असे वाटले. पण मग मनात आले, आईने जन्मभर काय केले? स्वतःच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात वाढले. रकान्यातली जागाही तिने सुनेला हसत दिली असती.

यंदाच्या दसऱ्याला आमच्या घरी रीत थोडी बदलली. गाड्या धुतल्या, हार घातले, आणि मग पाटावर वह्यांशेजारी विम्याचे सगळे कागद मांडले. वहिनींनी गेल्या वर्षी स्कूटर घेतली आहे, स्वतःच्या नावावर, आणि लायसन्सही काढले आहे. तिच्या कागदावरचा रकाना पुतण्याने मोठ्याने वाचला. मुलीचे नाव होते, आणि तिच्या वतीने पैसा घेणारा म्हणून माझे. पुतण्या रुसला. ‘‘माझं का नाही?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘तुझं आयुर्विम्यावर आहे. आणि दरवर्षी दसऱ्याला आपण हे बघायचंय. तू वाचायचंस.’’

मी कागदांना हळदकुंकू वाहिले. पोराने ते नीट घडी घालून पिशवीत ठेवले आणि पिशवी सीटखाली न ठेवता देवघराच्या कपाटात ठेवली.